न मोजलेली सावली

ताईच्या आकड्यांवर पहिली शंका मोजणीदारांनी घेतली, आणि मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. ते फोन करायचे, मी कट करायचे. कळू दे म्हटलं म्हाताऱ्याला, कुणाच्या बहिणीबद्दल बोलतोय ते.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. चाळीस वर्षं तिने लोकांचे कपडे शिवले आणि गिऱ्हाइकाच्या कापडातली उरलेली चिंधीसुद्धा घडी करून परत दिली. मी तीस वर्षं औषधाच्या दुकानात गोळ्या मोजतेय, पाच-पाचच्या रांगा लावून. एखादी गोळी जास्त गेल्यासारखी वाटली तर मला घास गोड लागत नाही. आमच्या घरात रूप नव्हतं, गोड बोलणं तर औषधालाही नव्हतं, पण मोजमाप चोख होतं. अशा बाईने नसलेले पक्षी कागदावर उडवले असं कुणी म्हटलं, तर मी काय त्याचे आभार मानू?

आमचं काम तसं सोपं, म्हणजे ऐकायला. दर वर्षी थंडी पडायच्या आधी उत्तरेकडचे शिकारी पक्षी, ससाणे, शिक्रे, गरुड, आमच्या डोंगरावरून दक्षिणेला जातात. आम्ही आठ-दहा रिकामटेकडी माणसं सकाळी आठ ते दुपारी चार बसतो आणि ते मोजतो. हातात अंगठ्याने दाबायचं एक छोटं यंत्र असतं, त्याला आम्ही टिकटिक्या म्हणतो. एक पक्षी, एक टिक. नियम दोनच. पक्षी वर गोल गोल फिरत असेल तोवर तो मोजायचा नाही, कारण एकच पक्षी दहा चकरा मारतो आणि नवशिका माणूस त्याचे दहा करतो. चकरा सोडून तो सरळ निघाला की मग टिक. आणि दुसरा नियम असा, की जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही.

बसायच्या जागा दोन. वरचं ठाणं डोंगराच्या धारेवर, तिथे मोजणीदार असतात. जन्मभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या, निवृत्त झाल्यावर आकाश मोजायला घेतलं. खालचं ठाणं आठ किलोमीटरवर, खिंडीत, टेलिफोनच्या बंद पडलेल्या इमारतीच्या गच्चीवर. ते गेले तीन हंगाम ताईचं. वरून गेलेला पक्षी पाव तासात खाली पोचतो. वाटेत एखादा भरकटतो, एखादा झाडावर बसतो, त्यामुळे खालचा आकडा वरच्यापेक्षा थोडा कमीच यायचा. संध्याकाळी दोन्ही तक्ते जुळवायचं काम माझ्याकडे आहे, आणि अकरा वर्षं हे असंच चालत आलं होतं.

या वर्षी खालचा आकडा मोठा झाला. पहिल्या आठवड्यात सहा जास्त. मी म्हटलं, मोजणीदार डबा खात बसले असतील. मग चौदा जास्त. मग एका दिवसात एकतीस.

तिसऱ्या दिवशी मी फोन उचलला.

“तुम्ही बोलत नाही म्हणून आकडे बदलत नाहीत,” ते म्हणाले. “एकतीस पक्षी माझ्या डोक्यावरून न जाता तुमच्या ताईंकडे पोचले कसे? बसने?”

“तुमचे डोळे तपासून घ्या.”

“घेतले. गेल्याच महिन्यात. ताईंचे कधी तपासले?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मोजणीदार हळू आवाजात म्हणाले, “मी कुणाच्या वाईटावर नाही. पण तक्ता खोटा ठरला तर अख्खा हंगाम बाद होईल, आणि त्यांना तिथे बसता येणार नाही. तुम्ही एकदा जाऊन बघा, एवढंच.”

त्यांना माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी भावोजी गेले आणि ताईने शिलाई मशीनवर चादर टाकली. सहा महिने ती पलंगावरून उठली नाही. मी डबा नेऊन ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तसाच परत आणायचे. शेवटी एका सकाळी मी तिला हाताला धरून जवळजवळ ओढतच त्या गच्चीवर नेलं आणि टिकटिक्या हातात दिला. त्या दिवशी तिने सत्तावीस पक्षी मोजले आणि संध्याकाळी दोन पोळ्या मागून घेतल्या. ती गच्ची गेली तर ताई पुन्हा त्या पलंगावर जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

गुरुवारी दुकान भागीदाराच्या गळ्यात घालून मी खिंडीत गेले. टेलिफोनची इमारत आतून रिकामी आहे. यंत्रांच्या लोखंडी मांडण्या तेवढ्या उभ्या आहेत, भिंतीवर नंबरांच्या पट्ट्या, आणि जमिनीवरच्या धुळीत ताईच्या चपलांनी पाडलेली पायवाट, दारापासून जिन्यापर्यंत. वरची गच्ची पांढऱ्या रंगाने रंगवलेली आहे, आतली यंत्रं तापू नयेत म्हणून कुणीतरी कधीकाळी केलेली सोय. दुपारी तिथे डोळे उघडे ठेवणं कठीण होतं.

ताई मधोमध खुर्ची टाकून बसली होती, मान खाली, हात मांडीवर. मला वाटलं डुलकी लागली. तेवढ्यात अंगठा हलला. टिक.

मी वर पाहिलं. धुतल्यासारखं निळं आकाश, एक ढग नाही, एक पक्षी नाही.

“काय मोजलंस?”

“अगंबाई, चिमे, तू? गेला ना आत्ता.”

अठ्ठावन्न वर्षांची झाले तरी तिच्या तोंडी मी चिमीच. “कुठून गेला?”

तिने चपलेच्या टोकाने फरशी दाखवली. “इथून.”

मग सगळं बाहेर आलं. मशीनवर वाकून वाकून तिच्या मानेचं वाटोळं झालं होतं. उन्हाळ्यापासून मान वर केली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. म्हणून तिने खाली बघायला सुरुवात केली. पांढरी गच्ची, स्वच्छ ऊन. पक्षी गेला की सावली सरकत जायची. एक सावली, एक टिक.

“आणि हे तू मला सांगितलं नाहीस!”

“सांगितलं असतं तर बसू दिलं असतंस?”

मी भांडायला तोंड उघडलं आणि मला हसूच फुटलं. सुटल्यासारखं वाटलं. खोटेपणा नव्हता, वेडेपणा नव्हता, चुकीची पद्धत होती. मी तिथूनच मोजणीदारांना फोन लावला आणि जरा ऐटीतच सांगितलं.

“मग तर आकडा कमी यायला हवा,” ते म्हणाले. “पक्षी उंच असला की सावली पसरून पुसट होते, जमिनीपर्यंत पोचतच नाही. माझ्यावरून जाणारे बहुतेक तसे उंचच जातात. फरशीवर ठळक सावली पडायची तर पक्षी डोक्यावर दोन-तीन पुरुष उंचीवर पाहिजे. तो तर आंधळ्यालाही कळेल.”

मी फोन ठेवला आणि ताईला काही सांगितलं नाही. म्हटलं, चल, गंमत करू. तासभर मी वर बघते, तू खाली बघ, दोघी मोजू. ती खूश झाली. लहानपणी खडे मोजायची पैज लावायचो तशी ती सरसावून बसली.

तासाने माझ्या टिकटिक्यावर नऊ होते. तिच्यावर चोवीस.

“तुझं लक्ष कुठे असतं गं?” ती म्हणाली.

मग मी तिच्या शेजारी बसले आणि खाली पाहू लागले. फार वेळ लागला नाही. उत्तरेच्या कठड्यावरून एक सावली आत उतरली. पसरलेले पंख, त्यांच्या टोकाला बोटांसारखी वेगळी झालेली पिसं, मागे शेपटीचा पंखा. ती फरशीवरून सरळ आली, माझ्या पावलांवरून चढली, उतरली, दक्षिणेच्या कठड्यावर चढली आणि गेली. मी मान झटकन वर केली. काही नव्हतं. पक्षी सूर्याच्या रेषेत असेल म्हणून मी काळी काच डोळ्यांना लावली आणि सूर्याभोवतीची जागा बोटाबोटाने तपासली. रिकामी. ताईचा टिकटिक्या वाजला.

भास असेल म्हणावं तर गच्चीच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीखाली कबुतरं होती. पुढची सावली आली तेव्हा ती सगळी एकदम चिडीचूप झाली आणि पोट जमिनीला टेकवून बसली. ससाणा डोक्यावरून जाताना बसतात तशी. सावली गेल्यावर पुन्हा दाणे शोधायला लागली. कबुतरांना कुणी काही पढवून ठेवलं नव्हतं.

हेही मी कसंबसं पचवलं असतं. आकाशात नसलेले पक्षी जमिनीवरून दक्षिणेला जात असतील तर जावोत, कुणाचं काय घेतात! पण साडेबाराच्या सुमाराला ताई म्हणाली, “ही नको मोजूस हं. ही अजून निघाली नाही.”

ती सावली इतरांपेक्षा मोठी होती. ताईच्या खुर्चीभोवती फिरत होती, सावकाश, एकसारखी, घाई नसल्यासारखी.

“कधीपासून आहे?”

“आठ दिवस झाले असतील. आधी नुसता डाग होता, पाणी सांडून वाळल्यासारखा. मला वाटलं डोळ्यातच काहीतरी गेलंय. आता छान दिसते, नाही? रोज जरा जरा स्पष्ट होतेय.”

मोजणीदारांचं बोलणं माझ्या कानात होतं. सावली पुसट असली की पक्षी उंच, ठळक झाली की जवळ. जे काही होतं ते आठ दिवस खाली उतरत होतं.

मी ताईला टाकीपाशी उभं केलं आणि तिच्या खुर्चीत स्वतः बसले. सावलीने मला एक वळसा घातला आणि ती टाकीकडे गेली. ताईभोवती फिरू लागली. मी ताईला पश्चिमेच्या कठड्याशी नेलं. सावली तिथे आली. माझ्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

“काल घरी निघाले तर जिन्याच्या दारापर्यंत सोडायला आली,” ताई हसून म्हणाली. “आत नाही आली. उन्हातच राहते. वाटेतही नाही आली, मी गाडीत बसले ना.”

“ताई, आत्ताच्या आत्ता खाली चल. उद्यापासून इथे यायचं नाही.”

“का?”

“मला भीती वाटतेय म्हणून.”

“तू एक भित्री भागूबाई आधीपासूनच. आणि मी उठले आणि ही निघाली, तर मोजणार कोण? आठ दिवस सांभाळलीय. निघाली की एक टिक देते आणि मग तू म्हणशील तितकी विश्रांती घेते.”

मी तिला चाळीस प्रकारे समजावलं. ती हलेना. ताईला जेव्हा खरं सांगून पटत नाही तेव्हा काहीच पटत नाही, हे मला घरातल्या सगळ्यांत जास्त ठाऊक. ती तिथे बसणार होती, ते उतरून तिच्यापर्यंत येईपर्यंत बसणार होती, आणि वर नियम पाळल्याचा आनंदही तिला होणार होता. तेव्हा मी जे केलं ते मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

“ताई,” मी म्हटलं, “मला काही दिसलं नाही.”

“म्हणजे?”

“तुझं मन मोडायला नको म्हणून मघापासून होला हो म्हणतेय. इथे एकही सावली नाही. तुला भास होतात.”

मग तिने बोट दाखवलं. “ही काय, ही! तुझ्या पायाशी!”

सावली माझ्या पायाशी होती. डाव्या पंखातलं एक पीस अर्धं तुटलेलं होतं, तेही दिसत होतं. मी तिच्याकडे सरळ पाहिलं आणि म्हटलं, “फरशी आहे.”

मग मी तक्ता ओढून घेतला आणि खाली लिहिलं: निरीक्षक महिलेस भास होतात, खालच्या ठाण्याचे या हंगामातील सर्व आकडे रद्द धरावेत. सही केली. ताईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. टिकटिक्या खुर्चीवर ठेवला, ओढणी सारखी केली, आणि माझा हात न धरता जिना उतरली. त्या दिवशी मला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी कधी आली नसेल. पण ती खाली होती, छपराखाली होती, आणि मला तेवढंच हवं होतं.

मोजणीदारांनी समजूतदारपणे काही विचारलं नाही. ताईने माझा फोन घ्यायचं बंद केलं. शेजारीण सांगायची की ताई डॉक्टरांकडे जाऊन आली, दोन तपासण्या झाल्या, गोळ्या चालू आहेत. गोळ्या माझ्याच दुकानातून गेल्या होत्या, भागीदाराच्या हातून. मी चिठ्ठी पाहिली. साधी झोपेची आणि मनाला शांत करणारी. दिवसभर ती घरातच असते, पडदे ओढून, असं शेजारीण म्हणाली. मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं.

खालचं ठाणं रिकामं ठेवता येत नव्हतं, म्हणून मी बसू लागले. मान वर करून, नियमाप्रमाणे. माझे आकडे मोजणीदारांपेक्षा चार-पाचने कमी यायचे आणि ते खूश होते. खाली बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण न बघता राहवतं कुठे? साध्या सावल्या सरळ निघून जायच्या. ती मोठी मात्र तिथेच होती. पुढल्या शुक्रवारपर्यंत ती ताईच्या खुर्चीच्या जागेभोवतीच फिरत होती. शनिवारी तिच्या चकरा मोठ्या झाल्या, टाकीपर्यंत, कठड्यापर्यंत, जिन्याच्या दाराशी येऊन परत. हरवलेली वस्तू शोधताना माणूस घरभर फिरतो तशी. कबुतरं गच्ची सोडून गेली होती.

रविवारी सकाळी अकराला ती थांबली. फरशीवर एका जागी, पंख पसरून, निश्चल. मग सरळ निघाली. पण दक्षिणेला नाही. पश्चिमेचा कठडा चढून ती उतारावर उतरली, झुडपांवरून, रस्त्यावरून, गोदामांच्या पत्र्यांवरून, खाली वस्तीकडे. मी कठड्याला धरून वाकले. घरांच्या छपरांवरून ती पळताना दिसत होती, लहान होत होती, पण वाकडी होत नव्हती. ताईचं घर त्याच रांगेत आहे, शेवटून तिसरं, मागे फरशीचं अंगण.

माझ्या हातात टिकटिक्या होता. सवयीने अंगठा हलला की नाही ते मला आठवत नाही. मी फोन काढला आणि ताईला लावला. उचलणार नाही हे माहीत असून लावला. पाचव्या रिंगला तिने उचलला.

“बोल चिमे,” ती म्हणाली. इतक्या मायेने, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “मीच तुला लावणार होते. आता राग नाही हं माझा. डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं.”

“ताई, तू कुठे आहेस?”

“अंगणात. आज पहिल्यांदाच बाहेर बसलेय. मान शेकायला सांगितलीय ना उन्हात.”

“आत जा. आधी आत जा आणि दार लाव.”

“का गं?”

“मी खोटं बोलले, ताई. होती ती. मला दिसत होती, डाव्या पंखाचं पीस तुटलेलं होतं. तुला तिथून हलवायचं होतं म्हणून मी खोटं बोलले. आत जा गं!”

ती हसली. “हेच डॉक्टर म्हणाले होते बघ. घरच्यांना नंतर वाईट वाटतं आणि मन राखायला ते हो म्हणू लागतात, तिकडे लक्ष द्यायचं नाही. आणि तू, चिमे, तू कधी जन्मात खोटं बोललीस का? तू सांगितलंस म्हणून तर मला पटलं. दुसऱ्या कुणाचं मी ऐकलं नसतं.”

मी जिना उतरत होते. खालच्या खोलीत आवाज तुटेल म्हणून मधल्याच पायरीवर थांबले, मग पुन्हा वर चढले, कठड्याशी गेले. इथून तिचं अंगण पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं. माणूस दिसत नाही.

“ताई, तुझ्याजवळ आत्ता काही आहे का? फरशीवर?”

“आहे ना. तेच तर सांगणार होते. दोन मिनिटं झाली, पायाशी येऊन थांबलीय. आता फिरतसुद्धा नाही. पीस न् पीस दिसतंय, इतकी काळी झालीय.” ती हे अगदी शांतपणे सांगत होती, शिकवलेला धडा पाठ म्हणून दाखवावा तशी. “इतक्या जवळ आल्यावर आधीची मी असते तर घाबरून आत पळाले असते. आता मी तिकडे बघतच नाही.”

मी गच्चीवरून ओरडत होते, बघ, ताई, वर बघ, पळ, आणि फोनमधून ती मला समजावत होती की इतकं घाबरू नये, इथे काही नाहीये.